पट्टा हातात, कर्तव्य वाऱ्यावर

राष्ट्रापुढील मोठ्या प्रश्नांची चर्चा ज्या पृष्ठावर व्हावयाची, तेथे कुत्र्यांच्या विष्ठेचा विषय यावा हे काहींना खटकेल. विषय किळसवाणा आहे आणि सभ्य माणसे त्याविषयी चारचौघांत बोलत नाहीत. नेमक्या याच कारणाने तो सुटत नाही. समाजाचे चारित्र्य मोठ्या प्रसंगी जसे दिसते, तसे ते पहाटेच्या निर्मनुष्य रस्त्यावर, कोणी पाहत नसतानाही दिसते. किंबहुना तेथे ते अधिक स्पष्ट दिसते.

पनवेल तालुक्यातील ओवे या गावाचे उदाहरण घेण्याजोगे आहे. खारघर आणि तळोजे यांच्या मधल्या पट्ट्यातील हे गाव एकेकाळी भातखाचरांचे होते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, उरण व पनवेल परिसरातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. त्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच शेतकऱ्यांना पोलिसांच्या गोळीबारात प्राण गमवावे लागले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या बलिदानातून आली. पुढे खारघर वसले, गृहसंकुले उभी राहिली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा तिच्यात समाविष्ट झालेल्या २९ गावांमध्ये ओवेही होते. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर अशी मेट्रो या परिसरातून धावू लागली. भाताच्या शेतापासून मेट्रोपर्यंतचा हा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात झाला आहे.

बाहेरचे रूप इतक्या वेगाने पालटले, तेवढ्या वेगाने मनाच्या सवयी पालटल्या का, हा प्रश्न आहे. ओव्याच्या आसपासच्या वसाहतींत, आणि खरे तर महाराष्ट्रातील वाढत्या उपनगरांपैकी कोठेही, सकाळी सहाच्या सुमारास फेरफटका मारावा. चांगल्या घरातील, चांगल्या शिकलेल्या व्यक्ती कुत्र्याचा पट्टा हातात धरून संकुलाच्या फाटकातून बाहेर पडताना दिसतात. संकुलाच्या आवारात कुत्र्याने घाण केलेली चालत नाही, तसा तेथे नियम असतो. फाटकाबाहेर मात्र नियम संपतो. पदपथ, बसथांब्याची कड, उद्यानाचा कोपरा, मैदानाची हिरवळ, गावाकडे जाणारा रस्ता, यांपैकी कोठेही कुत्रा थांबतो. मालक क्षणभर भ्रमणध्वनीकडे पाहतो आणि मग दोघेही पुढे निघतात. मागे जे उरते त्यातून शाळेला निघालेले मूल, देवळात निघालेल्या आजीबाई आणि भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली गावची बाई यांना वाट काढावी लागते. ज्या पदपथावर ही घाण पडते, त्याच्याखालची माती काल-परवापर्यंत कोणाचे तरी शेत होती, याची आठवण त्या फाटकातून बाहेर पडणाऱ्यांना नसते.

आपले ते घर आणि फाटकाबाहेरचे ते कोणाचेच नाही, ही ती वृत्ती होय. या वृत्तीपुढे कुत्र्याचा अपराध शून्य आहे. तो बिचारा निसर्गनियम पाळतो. नियम मोडतो तो पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला माणूस.

पूर्वीही घरोघरी कुत्री होती, तेव्हा हा प्रश्न का नव्हता, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. गावातील कुत्रा राखणीचा असे, मोकळा असे. तो वस्तीबाहेर, माळावर, शेताच्या बांधाकडेला जात असे. उन्हाने आणि मातीने त्याची विल्हेवाट लागत असे. वस्ती विरळ आणि कुत्रीही मोजकी. आज त्याच जागेवर एकेका इमारतीत शंभर-शंभर बिऱ्हाडे आहेत, माती फरसबंदीखाली गेली आहे. पेव्हर ब्लॉकवर पडलेली विष्ठा मातीत मिसळत नाही. ती वाळते, तुडवली जाते, तिची धूळ होते आणि पहिल्या पावसाबरोबर गटारात वाहते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घरातील शौचालयाचे पाणी मलवाहिनीतून प्रक्रिया केंद्राकडे जाते. रस्त्यावरचे पाणी मात्र पावसाळी गटारांतून, कोणत्याही प्रक्रियेविना, नाल्यांत आणि तेथून खाडीत जाते. पनवेलच्या खाडीवर आजही मासेमारी करणारी कुटुंबे आहेत. फाटकाबाहेर टाकलेले संकट असे दुसऱ्याच्या दारात जाऊन पोहोचते.

आणखी एक गैरसमज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. शेण पवित्र, शेणाने जमीन सारवतात, मग कुत्र्याच्या घाणीचे एवढे काय, तीही शेवटी खतच होईल! हा युक्तिवाद ऐकू येतो, तो अज्ञानाचा आहे. गाय गवत खाते. कुत्रा मुख्यतः मांसाहारी प्राणी. त्याच्या आतड्यांतील जंतू आणि कृमी वेगळे, आणि त्यांतील काही माणसालाही उपद्रव देणारे. टॉक्सोकॅरा नावाचा गोलकृमी कुत्र्यांत, विशेषतः पिल्लांत, सर्रास आढळतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ताजी असताना ती बाधा करीत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर ती बाधक होतात आणि नंतर महिनोन् महिने, अनुकूल ठिकाणी वर्षानुवर्षेही, तशीच टिकून राहतात. म्हणजे विष्ठा दिसेनाशी झाली म्हणून धोका टळला, असे होत नाही. उलट धोका त्यानंतर सुरू होतो. मातीत खेळणारे मूल तेच हात तोंडात घालते आणि अंडी पोटात जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यांत जाऊन दृष्टीला इजा करतात. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेत शिरतात. कोकणातील पाऊस आणि दमट हवा या अळ्यांना मानवते.

ज्यांची सायंकाळ मैदानावर जाते, त्यांनी तरी ही माहिती गांभीर्याने घ्यावयास हवी. शाखेचे मैदान, क्रीडांगण, बालवाडीपुढील वाळू, मंदिराचे पटांगण या जागांवर मुले मातीत बसतात, लोळतात, कबड्डी खेळतात. भारतमातेच्या मातीचा टिळा कपाळी लावायला ज्यांना शिकविले जाते, त्या मुलांच्या पायाखालची माती स्वच्छ ठेवणे हे कोणाचे काम?

‘महानगरपालिकेचे,’ असे उत्तर लगेच येते. पनवेल परिसरात या उत्तराला एक धारही आहे. महानगरपालिका झाल्यानंतर सिडकोचे सेवाशुल्क आणि पालिकेचा मालमत्ता कर यांवरून दुहेरी आकारणीचा वाद अनेक वर्षे गाजला. नागरिकांच्या त्या तक्रारीत तथ्य होते की नव्हते, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु ‘आम्ही कर भरतो, म्हणून आमच्या कुत्र्याची घाण पालिकेने उचलावी’ हे त्यातून निघत नाही. कर हे सार्वजनिक सेवांचे मोल आहे. ते वैयक्तिक बेजबाबदारीचे भाडे नव्हे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्यावरच तो रस्त्यावर, मोकळ्या जागेत वा गटारात न टाकण्याची जबाबदारी घातली होती. बृहन्मुंबईच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींनी पाळीव प्राण्याची घाण न उचलणाऱ्यास पाचशे रुपये दंड ठेवला होता. त्याला दोन दशके होत आली. तरीही असा दंड भरावा लागलेला मनुष्य आपल्या ओळखीत आहे काय, असे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. नियम कागदावर आणि घाण रस्त्यावर, असा हा समझोता आहे.

तरीही सकाळी आठ-नऊपर्यंत रस्ता बऱ्यापैकी स्वच्छ झालेला असतो. हे कसे घडते, याचा विचार ज्याने केला, त्याला या प्रश्नाचे खरे मर्म सापडेल. तो आपोआप स्वच्छ होत नाही. कंत्राटी सफाई कामगार येतात. बहुतेकांच्या हातात हातमोजे नसतात, असले तर फाटके असतात. खराटा आणि पत्र्याचा तुकडा एवढीच हत्यारे. उद्यानाचा माळी हिरवळीतून हातानेच वेचतो. मानवी मैला हाताने साफ करावयास लावणे १९९३ च्या आणि पुढे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले. ते कायदे होण्यापूर्वी कित्येक पिढ्यांना ते काम जन्माच्या आधारे करावे लागले, हे आपल्या समाजाच्या इतिहासातील लाजिरवाणे पान आहे. कुत्र्याची विष्ठा त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. म्हणून तिच्या बाबतीत तीच जुनी व्यवस्था नव्या वेषात चालू आहे. घाण करणारा एक आणि उचलणारा दुसरा. उचलणारा कोण असतो, कोणत्या वस्तीतून येतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यतेला कोणताही आधार उरू देता कामा नये, हे निःसंदिग्ध शब्दांत मांडले. १४ एप्रिल १९८३ रोजी सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली. समरसतेवर व्याख्याने झाली, परिषदा झाल्या, ग्रंथ झाले. हे सर्व आवश्यकच होते. परंतु समरसता व्यासपीठावर सिद्ध होत नाही. ती सकाळच्या रस्त्यावर सिद्ध होते. आपल्या घरच्या प्राण्याची घाण आपण आपल्या हाताने उचलली, तर तेवढ्यापुरते एका सफाई कामगाराच्या मानेवरचे जोखड उतरते. ‘हे काम कमीपणाचे आहे, म्हणून ते दुसऱ्याने करावे’ ही जी अस्पृश्यतेची मूळ धारणा, तिला त्या एका वाकण्यात तडा जातो. ज्याला आपल्या लाडक्या कुत्र्यामागे वाकण्याची लाज वाटते, त्याने समरसतेवर बोलताना थोडे थांबावे.

या मातीने असे वाकणारे पुरुष पाहिले आहेत. कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन हे उच्चविद्याविभूषित गृहस्थ. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मागणी कोणती केली? आपल्याला भंगीकाम द्यावे, ही. सरकार ते जातीच्या आधारे नाकारीत होते, म्हणून त्यांनी अन्न सोडले आणि येरवड्यातून गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण आरंभिले. त्याच रत्नागिरीत १९३१ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी उघडले होते. विचारांनी दूर असलेल्या या दोन प्रवाहांना एकच गोष्ट कळली होती. जन्मावरून कामाची प्रतवारी करणारा समाज एकसंध होऊ शकत नाही, ही ती गोष्ट. सेनापती बापटांनी पारनेरमध्ये हातात झाडू घेतला. गाडगेबाबा गावात शिरले की आधी रस्ते आणि गटारे झाडीत, मग रात्री कीर्तनाला उभे राहत. गाव स्वच्छ केल्यावाचून त्यांना तेथील भाकरी गोड लागत नसे. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले. त्या नावाने पुरस्कार घेणे सोपे आहे. खराटा घेणे अवघड आहे.

‘हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्या संस्कृतीत असल्या गोष्टींना स्थान नव्हते,’ असाही एक सूर निघतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘नागरिकप्रणिधी’ या प्रकरणात नगराच्या व्यवस्थेचे नियम आहेत. रस्त्यावर केरकचरा टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण दंड, चिखल-पाण्याने रस्ता अडविणाऱ्यास पाव पण, आणि हेच राजमार्गावर केले तर दुप्पट. तीर्थ, जलाशय, देवालय यांच्याजवळ मलविसर्जन करणाऱ्यास एक पणापासून चढता दंड. औषध, व्याधी वा भय यामुळे घडले असेल तर माफी. मेलेले मांजर, कुत्रे, मुंगूस वा साप नगरात टाकणाऱ्यास तीन पण. दंडाची ही श्रेणी पाहिली की जागेचे पावित्र्य, गर्दी आणि माणसाची अगतिकता या तिन्हींचा विचार तेथे झाला होता, हे ध्यानात येते. आणखी जवळ यावयाचे तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या वाटांवर, बाजारात आणि तटाशी केरकचरा पडू देऊ नये, तो जागच्या जागी जाळावा आणि राख परसात घालून भाजीपाला पिकवावा, अशी आज्ञा आहे. शिवछत्रपतींच्या राज्यव्यवहाराची शिकवण सांगणारा हा ग्रंथ. गडकोटांवर भगवा फडकताना पाहून ज्यांचा ऊर भरून येतो, त्यांनी त्या गडावरच्या केराच्या नियमाचाही अभिमान बाळगावा, आणि तो पाळावा. पतंजलींनी नियमांची जी मालिका सांगितली, तिच्यात पहिला नियम शौच हा आहे. संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान त्याच्या मागून येतात.

कुत्र्याविषयी घृणा हीदेखील आपली परंपरा नव्हे. सरमा ही देवांची शुनी ऋग्वेदात आहे. श्री दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान आहेत, त्यांना चार वेदांचे प्रतीक मानले जाते. खंडोबाच्या संगतीत कुत्रा आहे. स्वर्गाच्या दाराशी धर्मराज युधिष्ठिर अडून बसले ते एका कुत्र्यासाठी. पोळी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा मराठी घरात प्रत्येक मुलाला ठाऊक असते. राज्यघटनेच्या कलम ५१-अ मध्ये १९७६ साली मूलभूत कर्तव्ये आली. त्यांत प्राणिमात्रांविषयी दया आहे आणि सार्वजनिक मालमत्तेचे रक्षणही आहे. दया आणि दायित्व यांची ही जोडी फोडून त्यातील सोयीचा अर्धा भाग उचलणे हा आजच्या श्वानप्रेमाचा दोष आहे. युधिष्ठिराने कुत्र्याची जबाबदारी स्वतःवर घेतली होती. ती इतर कोणावर ढकलून तो स्वर्गात गेला नाही.

पाश्चात्त्यांचे अनुकरणच करावयाचे, तर ते पुरते तरी करावे. परदेशी जातीचे कुत्रे आणले, त्याचे खाद्य आणले, त्याच्यासाठी थंडीचा अंगरखाही आणला. त्या देशांतील मालकाच्या खिशात असणारी छोटी पिशवी तेवढी आणावयाची राहिली. तेथील अनुभव बोधप्रद आहे. पॅरिस महानगराने १९८२ मध्ये विष्ठा शोषून घेणारी यंत्रे बसविलेल्या मोटारसायकली रस्त्यावर आणल्या. थोर योजना! ती खर्चीक आणि अपुरी ठरली. २००४ मध्ये ती बंद करून दंडावर भर द्यावा लागला. उलट न्यूयॉर्कमध्ये १ ऑगस्ट १९७८ पासून मालकानेच घाण उचलावी असा कायदा लागू झाला. असला कायदा कोण पाळणार, अशी थट्टा तेव्हा झाली. परंतु शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेचा धाक पोलिसापेक्षा मोठा ठरला आणि ती सवय जगभर पसरली. ब्रिटनने १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. या दोन अनुभवांतून निघणारा धडा एकच आहे. सरकारने यंत्र आणले तेथे प्रश्न सुटला नाही. नागरिक वाकला तेथे सुटला.

मग भटक्या कुत्र्यांचे काय, ही घाण तर त्यांचीही असते, असा प्रतिप्रश्न मालकवर्गाकडून हमखास येतो. तो रास्त आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १२ लाख ७६ हजार होती. प्रत्येकी दिवसाला दोनशे ग्रॅम विष्ठा धरली, तरी रोजचा आकडा अडीचशे टनांच्या वर जातो. येथे मालक नाही, म्हणून जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. १० मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी निर्बीजीकरण आणि लसीकरण यांचे दायित्व तिच्यावरच ठेवले. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागा वसाहतीने ठरवाव्यात, त्या मुलांच्या खेळण्याच्या आणि येण्याजाण्याच्या जागांपासून दूर असाव्यात, आणि खाऊ घालणाऱ्याने तेथे घाण राहू देऊ नये, हेही त्याच नियमांत आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने खाऊ घालण्यासाठी निश्चित जागा असाव्यात, रस्त्यावर वाटेल तेथे खाऊ घालू नये, असे बजावले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलविण्याचे निर्देश दिले.

या आदेशांवर दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटल्या. एका टोकाला सगळी कुत्री नाहीशी करा म्हणणारे. दुसऱ्या टोकाला रात्री मोटार थांबवून बिस्किटांचे पुडे रिकामे करणारे, आणि त्यानंतर काय होते याची फिकीर न करणारे तथाकथित प्राणिमित्र. दोघांनाही आपले काम दोन मिनिटांत संपवावयाचे असते. अन्नदान पुण्यकारक खरेच. परंतु ज्याच्या दारासमोर ते केले, त्याला त्यानंतरची घाण सोसावी लागणार असेल, तर ते पुण्य कोणाच्या खात्यावर आणि ताप कोणाच्या, याचा हिशेब मांडावा लागेल. ज्याला मुक्या जिवांची खरी कणव आहे, त्याने ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी खाऊ घालावे, जागा झाडून घ्यावी आणि त्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी पालिकेकडे पाठपुरावा करावा. उघड्यावरचे उकिरडे, मांसविक्रीच्या दुकानांमागे टाकलेले अवशेष, मंगल कार्यालयांमागचे उष्टे, यांवर भटक्यांची संख्या पोसली जाते. उकिरडा हटल्याशिवाय कुत्री घटत नाहीत. परंतु भटक्यांचा प्रश्न मोठा आहे म्हणून पाळीव कुत्र्याच्या मालकाला सूट मिळत नाही. शेजाऱ्याच्या घरी कचरा आहे म्हणून आपल्या घरचा केर त्यात लोटणे, हा कोणता न्याय?

उपाय अवघड नाहीत. मालकाने घरून निघताना जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा आणि कागदी पिशवी सोबत घ्यावी. कुत्रा बसताच कागद पुढे करावा. घरी येऊन विष्ठा शौचालयात टाकून पाणी सोडावे आणि कागद सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा बांधून द्यावा. ओल्या कचऱ्याच्या खतात ही विष्ठा टाकू नये. कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी जंताचे औषध द्यावे. २०२३ च्या नियमांनी ही जबाबदारी मालकावरच ठेवली आहे. घरात बारा-चौदा वर्षांचे मूल असेल, तर कुत्र्याला फिरवून आणण्यासोबत हे कामही त्याच्याकडे द्यावे. कुटुंब प्रबोधनाचा यापेक्षा सोपा पाठ मिळणार नाही. नोकराकडून कुत्रा फिरवून घेणाऱ्यांनी पिशवीची आठवणही नोकराला करून द्यावी, आणि आठवड्यातून एकदा तरी पट्टा स्वतः हाती घ्यावा.

गृहनिर्माण संस्थांनी केवळ ‘आवारात बंदी’ हा फलक लावून हात झटकू नयेत. फलकाचा परिणाम घाण फाटकाबाहेर जाण्यात होतो, हे दिसतेच आहे. आवारातच मातीचा एखादा कोपरा राखून ठेवावा, तो रोज साफ करण्याची पाळी कुत्रे पाळणाऱ्या सभासदांत लावावी. बंदीपेक्षा ही व्यवस्था माणुसकीची आणि टिकाऊ. कुत्रे पाळणाऱ्या भाडेकरूस वा वृद्धास छळण्यासाठी या विषयाचा वापर होता कामा नये. तंटा प्राण्याशी नाही, त्याच्या मालकाशीही नाही, सवयीशी आहे.

महानगरपालिकेकडेही मागणे आहे. पनवेलमध्ये २०१७ साली पहिली निवडणूक झाली, पहिल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकीय राजवट राहिली. आता प्रश्न विचारावयास लोकप्रतिनिधी आहेत. त्यांनी पाळीव कुत्र्यांच्या नोंदणीची पद्धत सोपी करावी, उद्याने आणि मैदाने यांच्या प्रवेशद्वाराशी झाकणाच्या स्वतंत्र पेट्या ठेवाव्यात, सफाई कामगारांना हातमोजे आणि लांब दांड्याची साधने मिळतात की नाही हे प्रत्यक्ष पाहावे, आणि दंडाचा नियम चार दिवस तरी गंभीरपणे अमलात आणून दाखवावा. मोहीम ओवे गावात आणि नव्या संकुलांत एकाच मापाने व्हावी. गावाला घाणेरडे आणि संकुलाला सुसंस्कृत ठरविणारी दृष्टी या प्रश्नापुरती तरी उलटी पडते, कारण पट्ट्याला बांधलेली कुत्री बहुतांशी संकुलांतून बाहेर पडतात.

आणि कार्यकर्त्यांनी काय करावे? संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे जे पंच परिवर्तन ठेवण्यात आले, त्यात सामाजिक समरसता, कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, स्वबोध आणि नागरिक कर्तव्य या पाच गोष्टी आहेत. या पाचांचा आरंभ कोठून करावा, असे विचारणाऱ्यांना हा विषय आयता समोर आला आहे. त्यात सफाई कामगाराचा सन्मान आहे, घरातील मुलांवरचा संस्कार आहे, माती आणि खाडीचे रक्षण आहे, कौटिल्य आणि आज्ञापत्र यांच्या वारशाची ओळख आहे आणि नागरिकाचे कर्तव्य तर उघडच आहे. एखाद्या रविवारी आपल्या भागातील मैदान सफाई कामगारांच्या खांद्याला खांदा लावून स्वच्छ करावे. छायाचित्रांची घाई नको. त्यानंतर कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येक घरी जाऊन, हात जोडून, शांतपणे विनंती करावी. भांडण करू नये, समाजमाध्यमांवर कोणाचे चित्र टाकून त्याची बदनामी करू नये. पहिल्या दिवशी दार लावून घेणारा पंधराव्या दिवशी पिशवी घेऊन निघतो, हा लोकसंग्रहाचा अनुभव आहे. ज्याच्या स्वतःच्या घरी कुत्रा आहे, त्या कार्यकर्त्याने सुरुवात स्वतःपासून करावी. शेजाऱ्यांना उपदेश ऐकू येत नाही, वाकलेली पाठ मात्र दिसते.

ओवे आणि आसपासचा परिसर पुढील काळात आणखी वाढणार. पलीकडे विमानतळ उभे राहिले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. जगभरचा माणूस येथे उतरेल आणि आपल्या रस्त्यांवरून जाईल. परंतु रस्ता स्वच्छ ठेवावयाचा तो पाहुण्याला दाखविण्यासाठी नव्हे. तो स्वच्छ ठेवावयाचा, कारण त्यावरून आपलेच मूल अनवाणी धावणार आहे, आणि जो तो झाडतो तोही आपलाच बांधव आहे. राष्ट्र ही फार मोठी संकल्पना आहे. तिचा आपल्या वाट्याला आलेला भाग मात्र लहान असतो. कोणासाठी तो सीमेवरचा खडा पहारा असतो, कोणासाठी शेतातील नांगर. पट्टा हातात धरलेल्या नागरिकासाठी तो पायाखालच्या दोन हात जागेएवढा आहे. तेवढा त्याने निर्मळ ठेवावा.